गवताचा पीळ : इंकांच्या दोरांची गोष्ट

(दृश्य : पहाटेचं ऊन. पिवळट गवताचा डोंगरउतार. दोन तळहात.)

गवत आधी पाण्यात भिजत घालतात. मग दगडाने ठेचतात, म्हणजे ते लवतं, पण तुटत नाही. मग बाया उतारावर बसतात आणि दोन-दोन चिमटी गवत घेऊन तळव्यांत वळायला लागतात. ज्यांनी घरी आजोबांना कासरा वळताना पाहिलंय, त्यांना हे हात ओळखीचे वाटतील. दोन्ही पदर एका दिशेने पिळायचे, आणि एकमेकांभोवती गुंडाळताना मात्र उलट दिशेने. एक पदर सुटू पाहतो, तेवढ्यात दुसरा त्याला आवळतो. काडी संपत आली की पुढची काडी पिळात सरकवायची. गाठ कुठेच नाही. सगळा भार पिळावर.

या बोटाएवढ्या दोरीला क्वेचुआ भाषेत केस्वा म्हणतात. चाका म्हणजे पूल. आपण आलोय केस्वाचाकाला. दक्षिण पेरू, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर.

(दृश्य : खोल घळ, खाली नदी, वर झुलता पूल.)

खाली वाहतेय ती आपुरिमाक. नावाचा अर्थ, बोलणारा देव. घळीच्या काठावर उभं राहिलं की हे नाव कुणी आणि का ठेवलं असेल, ते विचारावं लागत नाही. नदी अखंड बोलत असते. पुढे तिचंच पाणी ॲमेझॉनला जाऊन मिळतं.

पूल जेमतेम ३० मीटर लांबीचा. संपूर्ण गवताचा. गवत ऊन-पावसात कुजतं, म्हणून दर वर्षी जून महिन्यात भोवतालच्या चार वस्त्या एकत्र येतात, जुना पूल तोडून नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. घरटी ठरलेल्या मापाची दोरी आणायची. बारीक दोऱ्या एकत्र पिळून मध्यम दोर, आणि तसल्या तीन दोरांची वेणी घातली की मांडीएवढं जाड चऱ्हाट. अशी चार चऱ्हाटं पायाखाली, दोन हाताला धरायला. जवळच गाड्यांसाठी पक्का पूल आहे. माणसं रोज त्याच्यावरून जातात. तरीही हा पूल दर वर्षी नव्याने बांधला जातो. त्याचं कारण कळायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

(दृश्य : कुस्को शहर, दगडी भिंतींच्या अरुंद गल्ल्या.)

आपण सरसकट 'इंका लोक' म्हणतो, पण इंका ही मुळात राजाची पदवी. राज्याचं नाव होतं तावांतिनसुयू, म्हणजे एकत्र बांधलेले चार मुलूख. राजधानी कुस्को. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाने राज्य झपाट्याने वाढवायला सुरुवात केली आणि शंभर वर्षं भरायच्या आत ते आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून मध्य चिलीपर्यंत पसरलं. जगातल्या सगळ्यांत अवघड डोंगरांतून. चाकाची गाडी नाही, घोडा नाही, लोखंड नाही, कागदावरची लिपी नाही. ओझ्याला फक्त लामा, आणि तोही पाठीवर माणूस घेत नाही.

होते ते रस्ते. ३०,००० किलोमीटरहून अधिक. त्यांवरून चास्की नावाचे निरोपे एकमेकांच्या हाती निरोप देत धावायचे. वाटेत कोठारं होती. त्यांत मका असायचा, आणि चुन्यो. चुन्यो म्हणजे रात्रीच्या कडाक्यात गोठवलेला, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. (आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटाही मूळचा याच डोंगरांतला. नाव पोर्तुगीजांनी दिलं, पण पीक इथल्या शेतकऱ्यांचं.) आणि जिथे रस्त्याला घळ आडवी येई, तिथे दोरांचा पूल. पूल ज्या गावांच्या हद्दीत, त्याची निगा त्याच गावांकडे.

नाणं नव्हतं, त्यामुळे कर श्रमातून भरायचा. त्याला म्हणत मिता, म्हणजे पाळी. आपली पाळी आली की राज्याचं काम. आणि गावातल्या गावात आयनी : आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको, आपल्याकडे याला सावड म्हणतात.

(दृश्य : आडवी दोरी, तिला लोंबणारे शेकडो रंगीत धागे. एका गाठीवर कॅमेरा थांबतो.)

मग एवढ्या राज्याचा हिशेब कुठे ठेवायचा? तोही धाग्यातच. हा किपू. एका आडव्या दोरीला लोंबते धागे, प्रत्येक धाग्यावर गाठी. सगळ्यांत खालच्या गाठी एककाच्या, त्यांच्या वर दशक, त्यांच्या वर शतक. एककाच्या गाठीला जितके वेढे, तितका अंक. जिथे गाठ नाही, रिकामी जागा सोडलीय, तिथे शून्य. दशमान पद्धत, बोटांनी चाचपून वाचता येणारी. किपूकामायोक नावाचे जाणकार ते वाचत. खानेसुमारी, कोठारातला साठा, कुणाची किती पाळी झाली, सगळं या गाठींत. काही किपूंत आकड्यांपलीकडचंही काही बांधलेलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. त्या गाठी अजून कुणी सोडवू शकलेलं नाही.

एकदा हे समजलं, की इंकांकडे पाहण्याची नजर बदलते. आपण माचू पिचू पाहतो, चिरे पाहतो, आणि त्यांना दगडाचे कारागीर म्हणतो. ते होतेच. पण राज्य उभं होतं धाग्यावर. तलम विणलेल्या कापडाला सोन्यापेक्षा जास्त मान. शूराचा गौरव कापडाने, तह कापडाने, देवापुढे जाळायचं तेही कापड.

(दृश्य : काहामार्काचा चौक. संध्याकाळ.)

युरोपातून आलेली देवीच्या रोगाची साथ स्पॅनिश सैनिकांच्या आधीच इथे पोचली. राजा वायना कापाक वारला, बहुधा याच साथीत. त्याचे मुलगे वास्कार आणि आतावाल्पा एकमेकांविरुद्ध लढले. आतावाल्पा जिंकला, आणि त्याच सुमारास स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारो १६८ माणसं घेऊन आला. १६ नोव्हेंबर १५३२. काहामार्काच्या चौकात त्याने आतावाल्पाला धरलं आणि निःशस्त्र लोकांची कत्तल केली. सुटकेसाठी खोलीभर सोनं मागितलं. ते आलं. शेकडो वर्षांची कारागिरी भट्टीत वितळवली गेली, आणि १५३३ मध्ये आतावाल्पाला मारलं. विल्काबांबाच्या जंगलात शेवटच्या इंकाने, तुपाक आमारूने, १५७२ पर्यंत झुंज दिली.

त्यानंतर जे झालं ते मला लढाईपेक्षा जास्त लागतं. मिता, ती पाळी, स्पॅनिशांनी तशीच उचलली आणि माणसांना पोतोसीच्या चांदीच्या खाणीत ढकलायला वापरली. सावडीची वेठबिगार झाली. १५८३ मध्ये लिमाच्या धर्मसभेने किपू मूर्तिपूजेची साधनं ठरवले, आणि ते जाळले गेले. आज जगात सुमारे हजारभर उरलेत.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा टोचून म्हणतो. इथे मी ते मान खाली घालून म्हणतो. कुस्कोत सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठ कोसळला, खालची इंकांची भिंत जागची हलली नाही. क्वेचुआ आजही लाखो लोकांच्या तोंडी आहे. पेरूने १९७५ साली तिला राजभाषेचा दर्जा दिला. लिमाच्या वरच्या डोंगरातल्या तुपिकोचा गावात नव्या वर्षी गावकारभारी बदलतात, तेव्हा जुने किपू बाहेर काढून त्यांच्या अंगावर घालतात. वाचता ते कुणालाच येत नाहीत. पण साक्षीला ते लागतात.

(दृश्य : पुन्हा केस्वाचाका.)

जून. कामाआधी धरणीमातेला, पाचामामाला, कोकाची पानं वाहिली जातात. दोर वळणं मुख्यतः बायकांकडे, घळीवर काम पुरुषांकडे, ही जुनी वाटणी. दोन काठांवर दोन बाजूंची माणसं चऱ्हाट ओढतात, मागे रेलून, पाय दगडात रोवून. मग पूल बांधणारे कारागीर दोन टोकांकडून सुरुवात करतात. खाली नुसती हवा, आणि ते दोरावर बसून कठड्याची दोरी विणत मध्याकडे सरकतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाच-गाणं.

युनेस्कोने २०१३ मध्ये या कौशल्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. पण २०२० च्या महासाथीत माणसं जमू शकली नाहीत, आणि पूल बांधायचा राहिला. मार्च २०२१ मध्ये तो तुटून नदीत गेला. एक वर्ष चुकलं, एवढंच कारण. त्याच जूनमध्ये चारही वस्त्यांनी पुन्हा गवत कापलं, भिजवलं, ठेचलं.

(दृश्य : मध्यावर दोन कारागीर समोरासमोर येतात. शेवटचा वेढा.)

दोन्ही टोकांची दोरी इथे मिळते. कारागीर उठतात, पूल ओलांडतात, आणि काठावरची माणसं ओरडून उठतात. मागे उतारावर बायांनी उरलेलं गवत गोळा करायला घेतलंय.