गाठीचे नाव ठरताना

सिंधुदुर्गातल्या एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढलेली गाठ तपासणीच्या बाटलीत जाते, तेव्हा तिचे नेमके निदान पुढे होईल की नाही, हे बरेचसे त्याच तासाभरात ठरते. रक्तपुरवठा तुटताच पेशींचे विघटन सुरू होते आणि किनाऱ्यावरच्या उष्ण हवेत ते अधिक झपाट्याने होते. म्हणून गाठ ताबडतोब १० टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, बुडवावी लागते. द्रावण गाठीच्या किमान दहापट असावे लागते आणि गाठ मोठी असल्यास तिला छेद द्यावे लागतात, कारण फॉर्मालिन आत फार सावकाश झिरपते. नुसत्या सलाइनमध्ये राहिलेल्या किंवा लहान बाटलीत कोंबलेल्या तुकड्याची हानी नंतर कोणतीही अद्ययावत प्रयोगशाळा भरून काढू शकत नाही.

प्रयोगशाळेत तुकड्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात, त्या ब्लॉकचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि ते रंगवतात.

समजा, सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या भिंतीतील गाठीची अशी रंगवलेली जांभळी-गुलाबी स्लाइड आहे. तिच्यातल्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा पेशी स्नायूच्या गाठीतही दिसतात, मज्जातंतूच्या आवरणाच्या गाठीतही दिसतात, आणि ‘जिस्ट’ या पचनमार्गाच्या भिंतीत होणाऱ्या दुर्मीळ गाठीतही दिसतात. अनेक दशके जिस्टची गणना बहुधा स्नायूच्या गाठींतच होत असे. १९९८ साली जपानी संशोधकांनी या गाठींमध्ये ‘किट’ जनुकातील बदल दाखवून दिले, आणि आज इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे प्रतिपिंडे वापरून पेशींतली प्रथिने ओळखण्याच्या तपासणीत, सीडी ११७ (किट जनुकाचेच प्रथिन) व डॉग १ ही प्रथिने आढळली की जिस्टचे निदान बळकट होते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. नेहमीच्या केमोथेरपीला क्वचितच दाद देणारी ही गाठ इमॅटिनिब या बदललेल्या किट प्रथिनालाच रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी पुष्कळदा आटोक्यात राहते. मात्र किटऐवजी पीडीजीएफआरए जनुकात एक विशिष्ट बदल असेल, तर तेच औषध निष्प्रभ ठरते. म्हणजे ‘जिस्ट’ एवढे नाव लिहूनही काम पुरते संपत नाही.

जिस्ट हा सार्कोमाचा, म्हणजे मृदू ऊती व हाडांच्या कर्करोगाचा, एक प्रकार. प्रौढांच्या कर्करोगांत सार्कोमाचा वाटा सुमारे १ टक्का आहे आणि त्या एका टक्क्यात सत्तरहून अधिक प्रकार सामावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत मृदू ऊती व अस्थी यांच्या गाठींचा खंड २०२० साली आला. त्यात पेशींच्या रूपाबरोबरच जनुकीय बदलांनाही मोठे स्थान आहे. यांतला एखादा प्रकार जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसमोर (स्लाइड पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरांसमोर) सबंध कारकिर्दीत एकदाच येऊ शकतो. अशा वेळी दुसरे मत मागणे हा त्यांचा कमीपणा नव्हे. ती शास्त्राची रीतच आहे, आणि हे रुग्णाच्या नातेवाइकांना कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.

म्हणूनच सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा रत्नागिरीहून परळच्या टाटा रुग्णालयात जाताना अहवालाच्या कागदासोबत मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स न्याव्या लागतात. त्यांच्याबरोबर रुग्णाचे वय, गाठ नेमकी कुठे व किती खोल होती, ती किती काळात वाढली, आणि स्कॅनच्या प्रतिमा हेही पोहोचावे लागते. हाडाच्या गाठीत तर एक्स-रे पाहिल्याशिवाय अनुभवी पॅथॉलॉजिस्ट सहसा अंतिम नाव लिहीत नाहीत.