जेवणाला चव नाही म्हणणाऱ्याचं नाक तपासा

नमस्कार मंडळी! घरात साखर लावलेली बडीशेप असेल तर चिमूटभर घ्या, नाक घट्ट दाबून धरा आणि मग चावा. काय लागलं? नुसतं गोड. आता नाक सोडा... आली ना एकदम बडीशेप?

जिभेचं काम एवढंच असतं हो. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे मशरूम किंवा रश्शाला असते तशी भरीव चव, जी जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली शोधली. तिखट ही तर चवच नाही, मिरचीची आग म्हणजे उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या नसांचं काम. बाकी आपण ज्याला चव चव म्हणतो, गोडा मसाला, हिंगाची फोडणी, वरची कोथिंबीर, आंबेमोहोराचा भात, हे सगळं घास चावताना घशामागून वर नाकात चढतं आणि तिथे ओळखलं जातं. माणसाच्या नाकात वास टिपणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता हे मी का सांगतोय, तर आपल्या घरोघरी एक भांडण चालतं. आजी म्हणते आमटीला चवच नाही, आजोबा ताट सरकवतात, आणि बोलणी कोण खातं तर स्वयंपाक करणारी, जिने रोजच्यासारखीच आमटी केलेली असते! वय वाढलं की वास ओळखण्याची ताकद कमी होत जाते, अगदी हळूहळू, त्यामुळे ज्याची जाते त्यालाही पत्ता लागत नाही, त्याला वाटतं जेवणच बिघडलं. मग वरून मीठ घेतलं जातं, लोणचं पापड वाढतं, बीपी असेल तर ते अजून वाईट, नाहीतर माणूस जेवणच कमी करतो आणि वजन उतरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण डोळ्यांना चष्मा लावतो, कानाला मशीन लावतो, नाकाची चौकशी मात्र कोणी करत नाही.

कोविडमध्ये कितीतरी तरुण लोकांचा वास गेला तेव्हा सगळ्यांना हे कळलं. चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी, दूध करपलं तरी पत्ता नाही, भाजी आंबलेली कळत नाही. आणि गॅस! एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन घालतात, पण ज्याला वासच येत नाही त्याला त्याचा काय उपयोग? अशा माणसाच्या स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर लावाच, आणि रेग्युलेटर रोज रात्री बंद.

वास अचानक गेला किंवा बरेच दिवस येत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण सर्दी, पॉलिप (नाकात वाढलेला मऊ मांसल गोळा), डोक्याला मार, कधीकधी पार्किन्सनची (हातपाय थरथरण्याच्या मेंदूच्या आजाराची) सुरुवात, काहीही असू शकतं. व्हायरसनंतर गेलेल्या वासासाठी एक सराव सांगतात, जर्मनीचे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तपासलेला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडे सेकंद, तो कसा असायचा ते आठवत, शांतपणे घ्यायचा, निदान १२ आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो, आणि निलगिरीचं तेल सोडलं तर बाकीचं आपल्या घरात सहज मिळतं. आजीला आज संध्याकाळी डोळे मिटायला सांगा आणि लवंग कुटून नाकाशी धरून विचारा, हा कसला वास गं?