पोरगं वाचतंय की पाठ म्हणतंय?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पंधरा जणांनी विचारलाय: "मॅडम, आमचा दुसरीतला मुलगा घडाघडा वाचतो, तरी बाई म्हणतात वाचता येत नाही." होय की, दोन्ही खरं असू शकतं!

आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. 'असर' या शालेय मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणातल्या चाचणीच्या या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. माझा भाचा पहिलीत असताना अख्खा धडा म्हणायचा, ओळीवर बोटही फिरवायचा. आई तर शेजारणींना बोलावून ऐकवायची. एकदा मी वहीनं पान झाकलं आणि मधला एकच शब्द उघडा ठेवला. पठ्ठ्या पुटपुटत धडा पहिल्यापासून म्हणत त्या शब्दाशी पोचला! वाचत नव्हता ओ, पाठ म्हणत होता.

म्हणून झाका आणि मधलंच विचारा. त्यातूनही निसटलं, तर अर्थ नसलेले शब्द लिहा: टिमू, गुझी, लोपे. इथं अंदाज चालत नाही. आणि बाराखडी म्हणून घेऊ नका, तीही चालीवर पाठच असते. के, कु, का, कि असं उलटसुलट विचारा. 'कि'ची वेलांटी डोळ्याला आधी दिसते, आवाज मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर, पण म्हणायचा आधी. पोरं इथंच आपटतात. कुठं आपटलं ते लिहून ठेवा आणि रोज दहा मिनिटं तेवढंच घ्या, अख्खा धडा नको.

एका ताईंची कॉमेंट: "घरी तेलुगू बोलतो, म्हणून मागे पडला का?" अहो, आपल्या सोलापुरात एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येतं. घरची भाषा हा आजार नव्हे. उलट तेलुगूतच विचारा, 'पालु'मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं? 'आलु' म्हणाला, तर कान तयार आहे, मराठीची सवय कमी पडतेय. दोन्ही भाषांत अडला, तर बाईंशी बोला. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. आणि घरच्या चाचणीवरून डिस्लेक्सियाचा शिक्का मारू नका, ते तज्ज्ञांचं काम.

आता माझं डोकं फिरवणारं वाक्य: "मोठा झाला की येईल." एका काकांनी लिहिलंय, त्यांचा मुलगा चौथीपर्यंत वाचत नव्हता, आता इंजिनिअर आहे. आनंद आहे काका! पण 2021 पासूनच्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानामध्ये तिसरीपर्यंत समजून वाचता यावं असं ठरवलंय, ते उगाच नाही. पुढं गणितसुद्धा वाचूनच सोडवायचं असतं.

भाच्याचं विचारता ना? यंदा गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला नेलं होतं. पाळण्याची पाटी बोट लावून वाचत बसला, 'बारा वर्षां...' रफारावर थांबला, परत मागे आला, 'वर्षांखालील'. मग माझ्याकडं वळून म्हणतो, "मावशी, तू माझे पूर्ण पैसे का दिलेस?"