नाताळचा गोठा, नातवंडांच्या हातचा

नमस्कार मंडळी, काय म्हणतोय डिसेंबर? आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानांबाहेर चांदण्या लटकायला लागल्या, लाल टोप्या आल्या, आणि आता शाळेला सुट्टी लागली की नातवंडं दिवसभर आपल्याच ताब्यात असणार. तर आज सगळ्या आज्या-आजोबांशी बोलायचंय. मॉलमध्ये नेलं, सांताबरोबर फोटो काढला आणि झाला नाताळ, असं नका करू. पोरांना घरी गोठा करू द्या, येशूबाळाच्या जन्माचा देखावा, स्वतःच्या हातानं.

आपल्याकडच्या पोरांना हे शिकवावं लागतच नाही बघा, दिवाळीत किल्ला केलेला असतोच की, तीच माती, तेच पोतं, तेच दगड. आमची धाकटी मेंढरं करते, मातीच्या गोळ्याला काडेपेटीच्या काड्यांचे पाय आणि वरून कापूस चिकटवलेला, एक मेंढरू हमखास पाच पायांचं होतं आणि ते काढायचं म्हटलं की रडारड, म्हणून ते तसंच राहतं, मला तर तेच सगळ्यात आवडतं. हा गोठा मांडायची रीत फार जुनी, १२२३ साली इटलीत ग्रेचो गावात संत फ्रान्सिसनं खरा बैल नि गाढव आणून गव्हाणी उभी केली होती. पोरांना हे सांगा, डोळे मोठे करून ऐकतात.

मागी लोकांना, म्हणजे येशूबाळाला बघायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या बाहुल्यांना, मात्र लगेच गोठ्यात ठेवू नका. ते पूर्वेकडनं लांबून चालत आले ना, मग त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीपाशी नाहीतर फ्रीजवर ठेवायचं आणि रोज थोडं थोडं पुढं सरकवायचं, ६ जानेवारीला ते गोठ्यात पोचतात. सकाळी उठल्या उठल्या थोरला विचारतो, आज्जी आज कुठंपर्यंत आले? त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला, आता सोनं पोरांना माहीत असतं पण ऊद कुठं माहीत असतोय, मग एका संध्याकाळी निखाऱ्यावर ऊदाचा खडा टाकून दाखवा, तो झाडाचा डिंक असतो हे सांगा, घरभर वास सुटला की वेगळं काही सांगायला नको.

करंज्या-शंकरपाळ्या करतानाही पोरांना कातणं फिरवू द्या, वाकडं होऊ दे. आणि नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीत भाजायला न्यायचं असेल तर पोराला बरोबर न्या, भट्टीपुढं उभं राहण्यात जी मजा आहे ती ओव्हनच्या काचेतनं नाही येत.

चर्चला न्यालच. आपलं वायल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाचं आहे ते रॉयल वायल्डर अमेरिकेहून १८५२ साली कोल्हापुरात आले होते, एवढं तरी आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे. गाणी मराठीच शिकवा, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी किती सोप्या, गोड मराठीत लिहून ठेवलंय. आणि शेजारची पोरंही बोलवा गोठा करायला, घर कुठल्याही धर्माचं असू दे.

आणि हो, गोठ्यापुढं हिरवळ पाहिजे असेल तर गहू उगवून वर यायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आज रात्रीच मूठभर भिजत घाला, आणि पाणी रोज पोरांनाच शिंपडू द्या.