मारुती 800 चं ऑईल नक्की कुठनं गळतंय?

(पार्किंग, सकाळ. फरशीवर कॅलेंडरचं पान.)

हे पान बघा. मागच्या महिन्याचं कॅलेंडर, उलटं करून गाडीखाली सरकवलेलं, पांढऱ्या बाजूवर काळे डाग आणि डागाशेजारी पेनाने तारीख. हे बाबांचं काम, रोज सकाळी चहाच्या आधी वाकून बघणार, रात्रीत किती पडलं ते लिहून ठेवणार. 4 तारखेला दोन थेंब, 11 ला सहा, 19 ला मोजायचंच सोडून दिलेलं दिसतंय.

गाडी मारुती 800, 1997 चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, तीनदा रिपासिंग झालेली. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, 2014 च्या जानेवारीत बनायची बंद झाली, तरी कोल्हापुरात अजून कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी उभी असतेच. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आत ऑईल जेमतेम तीन लिटर. आता हिशोब करा, साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाचे 1440, म्हणजे 72 मिली, म्हणजे दोन आठवड्यात लिटरभर ऑईल फरशीवर. लाल दिवा लागला की बघू असं म्हणणारे खूप आहेत (मी पण त्यातलाच होतो), पण तो दिवा ऑईल किती उरलंय ते सांगतच नाही, प्रेशर गेलं की लागतो, तोवर इंजिनाचं जे व्हायचं ते झालेलं असतं. त्यापेक्षा आठवड्याला ऑईल मोजायची दांडी काढून पुसून बघा, दोन मिनिटं लागतात.

आधी ज्या गॅरेजात दाखवली तिथं गाडी रॅम्पवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब लोंबकळत होता, झालं, निदान तयार. मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाला ऑईल अडवणारं रबरी कडं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागणार, उतरवतोय तर क्लच पण टाकून घ्या. आता हे अगदीच खोटं नाही हं, मागचं सील गेलं की ऑईल तिथूनच गळतं आणि तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. फक्त थेंब तिथं पडतोय म्हणजे ऑईल तिथूनच निघतंय असं कोणी सांगितलं?

(उद्यमनगर. लेथचा आवाज, बोळातलं गॅरेज.)

म्हणून आलो उद्यमनगरात. फाउंड्र्या, लेथ, ऑईल इंजिनांचे पार्ट यावर उभा राहिलेला हा भाग, इथं सील आणि पॅकिंगची दुकानं हाकेच्या अंतरावर. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, काहीच खोललं नाही, नुसता बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाले, "गिअरबॉक्सला हात लावू नका अजून. वरनं येतंय का ते आधी बघू की."

त्यांचं गणित साधं आहे. ऑईल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं, म्हणून खालचा थेंब बघायचा नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनावर धूळ आणि ऑईलचा इतका चिकटा बसलेला असतो की सगळंच ओलं दिसतं. मग आधी आंघोळ. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटून देणारा) आणि कार्ब्युरेटरला प्लास्टिकची पिशवी बांधली, डिझेल आणि ब्रशने चिकटा काढला, चिंधीने पुसलं, कॉम्प्रेसरची हवा मारली. आणि मग काकांनी फळीवरून काढला टाल्कम पावडरचा डबा.

हो, तोंडाला लावायची पावडर. अख्ख्या इंजिनावर पांढरा हात फिरवला आणि म्हणाले पन्हाळ्याला जाऊन या. वीसेक किलोमीटर, वर चढ, इंजिन चांगलं तापतं, तापलं की ऑईल पातळ होतं आणि जिथं फट आहे तिथून बाहेर येतं. ऑईलमध्ये यूव्ही डाय (चमकणारा रंग) टाकून निळ्या लाइटखाली बघायची पद्धत पण आहे, महागाच्या वर्कशॉपात तसं करतात, आमचं पावडरवर भागलं.

(क्लोजअप. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ.)

हे आल्यावरचं दृश्य. क्रँक सील तर सोडाच, रेघ सुरू होतेय पार वरून. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो, कॅमशाफ्टवर फिरतो, त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. तिथून ऑईल निघालंय, हेडवरून ओघळत बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं कवच) आलंय आणि जोडातून थेंब. टॅपेट कव्हरच्या (हेडवरचं झाकण) त्याच कोपऱ्यात अजून एक बारीक रेघ आहे, तिला काका म्हणाले "ही धाकटी."

खोलायच्या आधी काकांनी टोकदार खिळ्याने डिस्ट्रिब्युटरवर आणि तो बसतो त्या केसवर मिळून एक खूण मारली, आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड कुठं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढायला लावला. हे विसरलं तर टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) हलतं, गाडी फटफट करते आणि मग माणूस ऑईल सोडून कार्ब्युरेटरच्या मागे लागतो. ओ-रिंग काढायला गेलो तर ती वाकलीच नाही, काचेच्या बांगडीसारखी कट्कन तुटली, तीन तुकडे. रबर कुठं राहिलं होतं त्यात. नवी रिंग दोन वडापावांच्या किमतीत समोरच्या दुकानातून आली, तिला ऑईल लावून बसवली, केसमध्ये थोडं ऑईल ओतलं, खूण जुळवली आणि टायमिंग लाइटने एकदा तपासून घेतलं.

टॅपेट कव्हरला नवीन पॅकिंग. इथं काका माझ्यावर जरा चिडले कारण मी जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतो, हेड ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की नवीन पॅकिंगखालूनही गळणारच. ब्लेड आडवं धरून काढायचं. गॅस्केट पेस्ट फक्त कोपऱ्यांना, तीही पातळ, कारण जास्तीची पेस्ट आत गळून पडते आणि ऑईलच्या वाटेत अडकते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, मनगटाच्या जोरावर. गळतंय म्हणून अजून आवळणारे हात भरपूर आहेत, त्याने पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती वाढते.

मला वाटलं संपलं. काकांनी कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढून माझ्या हातात दिला. फुंका म्हणाले. फुंकलं, गाल दुखले, हवा पलीकडे जाईना. आत काळं लोणी साठलेलं. आणि मला वाटतं खरं दुखणं हेच होतं, जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजल्या की थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच, त्याला बाहेर पडायची वाट ही, ती बुजली की आत प्रेशर साठतं आणि सगळ्यात कमजोर रबर शोधून ऑईल बाहेर ढकलतं. नवीन पॅकिंग टाकलं तरी महिन्याभरात परत गळालं असतं आणि आम्ही पॅकिंगवाल्याला शिव्या घातल्या असत्या. पाइप पेट्रोलने धुतला, फुंकलं, सुसाट.

पेस्ट सुकायला रात्रभर गाडी तिथंच. निघताना काका म्हणाले, "बेल हाउसिंगमधलं जुनं ऑईल आठवडाभर ठिबकंल, घाबरून परत येऊ नका. वरचं सगळं कोरडं असून पुढच्या महिन्यात पण पडलं, तर मग सील."

(पार्किंग. नवीन पान.)

हे या महिन्याचं. 2 ला तीन थेंब, 3 ला दोन, 6 ला एक, तोही फिकट. 9 नंतर पान कोरं. दांडीवर ऑईल वरच्या खुणेला. 15 तारखेला बाबा नेहमीसारखे वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, डाव्या बाजूचा मागचा टायर जरा बसल्यासारखा वाटतोय रे.