तोंडात सुपारी नाही

मंडळी, सुरू करायच्या आधी एक सांगून टाकतो. पहिल्या दोन रांगांतल्या लोकांना दिसतच असेल की मी बोलता बोलता थांबलो की माझे ओठ हलतात आणि जीभ आतून गालावर फिरते, तर तोंडात सुपारी नाहीये, पान नाहीये, काही नाहीये. हे आपोआप होतं. मागच्या दिवाळी फराळाला एक काकू मला म्हणाल्या, अरे आधी तोंडातलं संपव मग बोल, मी हो म्हटलं आणि बोललोच नाही, कारण संपवणार काय?

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला होता मानसिक आरोग्य. मी म्हटलं त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी स्नायूंवर बोलतो. त्या म्हणाल्या स्नायूंचा काय संबंध? तोच आजचा विषय. मी डॉक्टर नाही, आपल्या इंदूरच्या क्लॉथ मार्केटमध्ये तीस वर्षं खतावणी लिहिलेला माणूस आहे, तेव्हा जे सांगतो ते माझ्या अंगावरचं आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं, एवढं धरून चला.

१९९९ ची गोष्ट, मी सव्वीसचा. दुकानाच्या माळ्यावरून कोणीतरी माझ्या नावाने आकडे सांगतंय असं मला ऐकू यायला लागलं, आणि मी ते वहीत लिहायला लागलो. पुढचं सगळं सांगत नाही. ताईने दवाखान्यात नेलं, हॅलोपेरिडॉल सुरू झालं. औषध जुनं आणि कामाचं, १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेनच्या प्रयोगशाळेत निघालेलं, आणि माझ्या माळ्यावरचा माणूस त्याने खरंच गप्प केला, हे आधी सांगतो, नाहीतर मी औषधांच्या विरुद्ध बोलतोय असं वाटेल. मी आजही रोज गोळी घेतो.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना माझी मान डावीकडे वळायला लागली. मी सरळ करतोय आणि ती वळतेच आहे, मग जबडा आखडला, घास तसाच आत, जीभ जाड होऊन बाहेर यायला लागली आणि मग डोळे वर गेले ते खाली येईनात, मला छतावरचा पंखा सोडून काही दिसेना. शुद्धीवर पूर्ण होतो. सगळं ऐकू येत होतं. आई रडतेय, शेजारच्या आजी म्हणतायत अंगात आलंय, मामा अंगारा आणायला धावले, आणि मला ओरडून सांगायचं होतं की अंगात बिंगात काही नाही, माझी मान दुखतेय, पण जबडाच उघडत नव्हता. ताईने ऐकलं नाही कोणाचं, रिक्षात घातलं आणि परत दवाखान्यात. तिथे प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. मामा अंगारा घेऊन आले तोवर मी चहा पीत होतो.

ह्याला डिस्टोनिया म्हणतात. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही तासांत ते चार-पाच दिवसांत येतो, तरुण मुलांना जास्त. दिसायला भयंकर, उतरायला सोपा. घशातल्या, स्वरयंत्राच्या स्नायूंत गेला तर मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून वाट बघत बसायचं नाही. माझा राग एवढ्यावरच आहे की कोणी आधी सांगितलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, मान-जबडा वळला तर घाबरू नका, लगेच या.

हे होतं का, तर मेंदूत डोपामिन नावाचा निरोप्या आहे. एका गल्लीत त्याचा गोंधळ झाला की आवाज ऐकू येतात, संशय येतो, पण दुसऱ्या गल्लीत तोच निरोप्या हातापायांची हालचाल नीट चालवतो. गोळीला गल्ली निवडता येत नाही, ती दोन्हीकडे दारं बंद करते. डॉक्टरांनी मला सांगितलं की साधारण साठ-पासष्ट टक्के दारं बंद झाली की आजार शांत व्हायला लागतो, आणि ऐंशीच्या वर गेली की स्नायू तक्रार करायला लागतात. म्हणजे मधली जागा किती अरुंद बघा, आपल्या बोहरा बाजारच्या गल्लीसारखी.

आता जे सगळ्यात वाईट होतं ते. घरी आल्यावर दोनेक आठवड्यांत मला बसता येईना. म्हणजे कसं, की पायांच्या आत कोणीतरी गरम पाणी सोडलंय आणि चाललं तरच ते जरा निवतं. बसलो की उठायचं, उठलो की चालायचं, उभं राहिलो तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर, वजन तोलणाऱ्या काट्यासारखं. आरतीला उभा राहायचो तर घालीन लोटांगणपर्यंत चप्पल घालून बाहेर. रात्री झोप नाही, मग लोकमान्य नगरातून निघायचो आणि चालत चालत राजवाड्यापर्यंत जायचो. सराफा रात्री कसा भरलेला असतो तुम्हाला माहीत आहे, लोक भुट्ट्याचा कीस खातायत, थंडीत गराडूचे कंद तळले जातायत, आणि मी त्या गर्दीतून गोल गोल, काही न खाता, कारण प्लेट हातात घेऊन एका जागी उभं राहणं जमायचं नाही. एक गराडूवाला मला ओळखायला लागला होता, म्हणायचा भिया आज कित्ते चक्कर?

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी काय म्हणालो असेन? म्हणालो, फार अस्वस्थ वाटतंय. आणि इथे चूक झाली. त्यांनी ऐकलं की मन अस्वस्थ आहे, आजार उसळतोय, आणि गोळी वाढवली. गोळी वाढली तसे पाय जास्त पळायला लागले, पुढच्या वेळी मी म्हटलं अजून अस्वस्थ वाटतंय, परत वाढवली. त्या दिवसांत एकदा कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभं राहून माझ्या मनात नको ते विचार आले होते, आवाजांमुळे नाही हो, पायांमुळे. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतोय कारण ह्या त्रासात माणूस जिवावर उठू शकतो आणि घरच्यांना वाटतं मूळ आजारच आहे. असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, नाहीतर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास.

ह्याचं नाव अकॅथिसिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच न बसणं. लादिस्लाव हाश्कोवेत्स नावाच्या झेक डॉक्टरांनी तो १९०१ साली वापरला, म्हणजे ही औषधं निघायच्या पन्नास वर्षं आधी, पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन तर १९५२ मध्ये पॅरिसला वेड्यांच्या दवाखान्यात वापरलं गेलं. उपाय आहेत, डोस कमी करतात, औषध बदलतात, बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतात, तीच ब्लडप्रेशरवाली, पण दमा असेल तर ती चालत नाही. पण उपाय तेव्हा मिळणार जेव्हा डॉक्टरला कळेल की त्रास पायात आहे. आणि मला सांगा, मराठीत आपल्याकडे किती शब्द आहेत, चुळबुळ, तळमळ, पाय वळवळतात, पोटऱ्या ओढतात, गोळे येतात, आखडलं, ताठलं, लुळं पडलं, आणि दवाखान्यात गेलो की आपण सगळे शहाण्यासारखे म्हणतो, अस्वस्थ वाटतंय! किंवा हिंदीत, घबराहट हो रही है. अहो घबराहट म्हटलं की गोळी वाढणारच. कुठे होतंय ते सांगा, बसल्यावर वाढतं का चालल्यावर कमी होतं ते सांगा, गोळी बदलल्यानंतर किती दिवसांनी सुरू झालं ते सांगा.

मग तिसरं प्रकरण, ते हळूहळू आलं. चेहरा सपाट झाला, भाचा म्हणायचा मामा तू हसत का नाहीस, मी आतून हसत होतो. चालताना हात हलेनात, खिळल्यासारखे बाजूला. पावलं छोटी. लाळ. आणि अक्षर! मी मुनीम माणूस, माझं अक्षर दुकानात दाखवायला ठेवायचे, ते बारीक व्हायला लागलं, ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढं आणि शेवटी मोहरीएवढं. शेठजी भिंग घेऊन खतावणी वाचायचे. आणि एक दिवस बँकेतून माझा चेक परत आला, सही जुळत नाही. आता सही माझी, हात माझा, मीच केलेली. बँकेत जाऊन म्हटलं मीच आहे तो, तर क्लार्क म्हणतो सर पण ये साइन तो किसी और का लग रहा है. काय बोलणार, मलाही तसंच वाटत होतं. शेवटी नवीन बारीक सही नोंदवून आलो.

खूप वर्षांनी डॉक्टरांनी एक गंमत सांगितली, गंमत म्हणजे राग यावा अशी. हासे नावाचे एक जर्मन डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं असं की रोग्याचं अक्षर थोडं बारीक, थोडं आखडलेलं झालं की समजायचं औषध लागू पडलं. म्हणजे माझा जो चेक परत आला तो एके काळी बरोबर डोसचा पुरावा मानला गेला असता. पुष्कळ वर्षं असाच समज होता की स्नायू ताठल्याशिवाय मन बरं होत नाही. मग क्लोझापिन आलं, त्यात स्नायू जवळजवळ ताठत नाहीत आणि तरी आजार हटतो. पण त्याचंही दुखणं आहेच, १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून माणसं गेली, म्हणून आजही रक्त तपासत राहावं लागतं.

मी काय केलं? गोळ्या बंद केल्या. स्वतःच्या डोक्याने, एका दिवसात, ताईला न सांगता. पहिला महिना छान गेला, हात हलायला लागले. तिसऱ्या महिन्यात माळ्यावरचा माणूस परत आला आणि ह्या वेळी त्याने सोबत अजून दोघं आणले. पावसाळाभर दवाखान्यात. तेव्हा स्नायूंचा त्रास आहे म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरच्या मागे लागा, भांडा, दुसरा डॉक्टर गाठा, पण सोडू नका.

दुसरे डॉक्टर मला असेच मिळाले. पहिल्याच दिवशी म्हणाले चप्पल काढा. मला वाटलं देवघर बिवघर आहे की काय. तर त्यांना माझी पावलं बघायची होती, बोटं हलतात का. मग कवळी आहे का विचारलं, तोंड उघडायला लावलं आणि एकीकडे अंगठ्यावर एकेक बोट आपटायला सांगितलं, लक्ष बोटांत गेलं की जीभ आपलं खरं रूप दाखवते म्हणे. तपासणी दहाच मिनिटांची. तेव्हा त्यांनाच पहिल्यांदा दिसलं की माझी जीभ हलतेय, मला माहीतच नव्हतं. ह्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात, महिने-वर्षांनी येतो, झोपेत थांबतो, आणि कधीकधी गोळी बदलली तरी पूर्ण जात नाही. आधीच्या दवाखान्यातून ट्रायहेक्सीफेनिडिल चालू होती, ताठरपणासाठी दिलेली, ती ताठरपणाला चांगली पण ह्या जिभेला उलट वाढवू शकते, शिवाय तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, आणि म्हाताऱ्या माणसांना विसरायला होतं. ती त्यांनी हळूहळू काढली. जिभेसाठी टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळते, अमेरिकेत २०१७ मध्ये दोन नवीन औषधंही मंजूर झाली. मला क्लोझापिनवर आणलं. आता रात्री उशी लाळेने ओली होते, वजन वाढलंय, पोह्यांवर शेव कमी टाकतो. पण बसता येतं. दोन तासांचं कीर्तन बसून ऐकतो, मांडी घालून.

आता मागे जे काका-काकू बसलेत आणि मनात म्हणतायत की आपला काय संबंध, त्यांच्यासाठी. तुमच्यातले किती जण सकाळी उपाशीपोटी गॅसची कॅप्सूल घेता? हात वर करू नका, माहीत आहे. कॅप्सूलचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, उलटून बघा, त्यात लेव्होसल्पिराइड लिहिलंय का. हे आमच्याच गोळ्यांच्या खानदानातलं आहे. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करचं प्रोक्लोरपेराझिन, फ्लुनारिझिन, हे सगळे तीच दारं बंद करू शकतात. चार दिवस घेतली ठीक, पण कोणी एकदा लिहून दिली आणि तुम्ही दोन वर्षं मेडिकलवरून आणतच राहिलात, आणि मग हात थरथरायला लागले, पाऊल घासायला लागलं, तर घरचे म्हणणार वय झालं. वय झालंही असेल, पण डॉक्टरला तो पत्ता एकदा दाखवा.

एक तातडीचं सांगतो. अशी औषधं घेणाऱ्याला जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, बोलणं असंबद्ध, हे एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या आणि कोणती गोळी चालू आहे ते आधी सांगा. हे क्वचित होतं पण जीव जातो.

आणि मोबाईल वापरा हो. मान वळते रात्री अकराला, डॉक्टर भेटतात दुपारी चारला, तेव्हा सगळं शांत असतं आणि आपण खोटे ठरतो. तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, पण त्या माणसाला विचारून काढा, आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका. माझा एका चुलतभावाने टाकला होता, खाली हसण्याचे सोळा इमोजी होते, मी मोजले.

बँकेचं राहिलंच. औषध बदलल्यावर सहा-सात महिन्यांत अक्षर परत मोठं झालं, हरभरा आला, मग वाटाणा. मी खुशीत ताईच्या नावाने चेक फाडला, भाऊबीजेचा. परत आला. सही जुळत नाही, कारण नोंदवलेली होती ती बारीक. गेलो बँकेत, तोच क्लार्क, माझ्याकडे बघतो, चेककडे बघतो, म्हणतो सर, अब ये कौन है?