सहा छेद बावन्न : एनएचएसच्या कागदांवरची लघुरूपं

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. रुग्णालयाचं पत्र उघडलेलं. कॅमेरा दुसऱ्या पानाच्या तळाशी जातो.)

एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा. तिच्या रुग्णालयाचं हे पत्र दोन पानांचं आहे, पण कामाची ओळ एकच, आणि तीही अगदी खाली : ‘ओपीए ६/५२. ब्लड्स प्रायर. इफ डीएनए, डिस्चार्ज टू जीपी.’

ओपीए म्हणजे आउटपेशंट अपॉइंटमेंट, आपल्याकडची ओपीडीची तारीख. सहा छेद बावन्न हा अपूर्णांक नाही. वर्षाचे आठवडे बावन्न, त्यातले सहा. म्हणजे सहा आठवड्यांनी या. छेदाखाली सात असेल तर दिवस मोजायचे, बारा असेल तर महिने. तीन छेद सात म्हणजे तीन दिवस, तीन छेद बारा म्हणजे तीन महिने. ब्रिटनमधले डॉक्टर विद्यार्थी असल्यापासून असं लिहीत आलेले असतात, त्यामुळे समोरच्याला ते वाचता येत नसेल हे त्यांच्या गावीही नसतं. घोटाळा होतो तो ‘३/७’ मध्ये. ब्रिटनमध्येही आपल्यासारखाच आधी दिवस आणि मग महिना लिहितात, त्यामुळे तीन दिवसांनी या म्हटलेलं माणूस ३ जुलै असं वाचतो. नेत्रविभागाच्या पत्रात ‘६/१२’ दिसलं तर मात्र महिने मोजू नका, ती नजर आहे : निरोगी डोळ्याला जे अक्षर बारा मीटरवरून दिसतं, ते या डोळ्याला सहा मीटरवर दिसतं.

‘ब्लड्स प्रायर’ : भेटीआधी रक्ततपासणी उरकून घ्या. रक्त जीपी सर्जरीत द्यायचं की रुग्णालयात, हे पत्रात नसेल तर फोन करून विचारा. सर्जरी हे जीपीच्या, म्हणजे नोंदणीच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं नाव आहे, तिथे मोठं ऑपरेशन होत नाही. ऑपरेशन होतं ते ‘थिएटर’मध्ये.

(दृश्य : बोट ‘डीएनए’वर थांबतं.)

आणि हा डीएनए जनुकांचा नव्हे. ‘डिड नॉट अटेंड’, रुग्ण आलाच नाही. तसं झालं तर क्लिनिकच्या यादीतून नाव काढून तुम्हाला परत जीपीकडे पाठवू, असा हा इशारा आहे. लहान मुलांच्या नोंदीत बऱ्याच ठिकाणी आता डब्ल्यूएनबी लिहितात, ‘वॉज नॉट ब्रॉट’. मूल आपल्या पायांनी क्लिनिकला येत नाही, कोणीतरी आणावं लागतं. हा बदल शहाणपणाचा आहे.

डीएनएला इतकं वजन का, ते समजायला आरटीटी समजावं लागतं. रेफरल टू ट्रीटमेंट. इंग्लंडमध्ये जीपीची चिठ्ठी रुग्णालयाला मिळाली की एक घड्याळ सुरू होतं, आणि अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते. कर्मचारी ‘क्लॉक स्टार्ट’, ‘क्लॉक स्टॉप’ म्हणतात ते याच घड्याळाबद्दल. उपचार सुरू झाले, किंवा उपचारांची गरज नाही असं ठरलं, की घड्याळ थांबतं. न कळवता पहिल्याच भेटीला गैरहजर राहिलात तर तोवरचे आठवडे रद्द होतात. आधी फोन करून तारीख बदलून घेतलीत तर मात्र घड्याळ चालूच राहतं. म्हणून जमणार नसेल तर पत्रावरच्या क्रमांकावर कळवा, अगदी त्या दिवशी सकाळी का होईना. अठरा आठवड्यांचं ठरलेलं प्रमाण २०१६ पासून गाठलं गेलेलं नाही, ते वेगळंच.

(दृश्य : वॉर्डातला औषधांचा तक्ता. मग औषधाच्या खोक्यावरचं लेबल.)

औषधांची लघुरूपं आपल्याला त्यामानाने ओळखीची. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूडीएस चारदा. सगळी लॅटिनची पिलावळ, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही असतेच. फरक आहे तो ‘लागेल तेव्हा’मध्ये. आपण एसओएस लिहितो, तिथे पीआरएन. ‘नॉक्टे’ म्हणजे रात्री, ‘माने’ सकाळी, ‘स्टॅट’ आत्ता लगेच.

लेबलावर यातलं काहीही नसतं, हे बघा. ‘एक गोळी दिवसातून दोनदा घ्या’, सरळ वाक्यात. तेव्हा घरी गेल्यावर औषध लेबल वाचून घ्यायचं, पत्र वाचून नव्हे. दोन्हींत फरक दिसला तर फार्मासिस्टला विचारायचं.

लघुरूप करायचंच नाही, असे दोन शब्द आहेत : युनिट आणि मायक्रोग्रॅम. ‘युनिट’साठी इंग्रजी यू हे नुसतं अक्षर काढलं, तर घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. २०१० साली इंग्लंडमध्ये इन्सुलिनसाठी ही सूचना सगळ्या रुग्णालयांना गेली : यू नको, आययू नको, पूर्ण शब्द लिहा. मायक्रोग्रॅमचं तेच. मिलिग्रॅम म्हणून वाचलं तर डोस हजारपट. भारतातून नेलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांवर ‘एमसीजी’ छापलेलं असतं. तिथल्या डॉक्टरला सांगताना ‘शंभर मायक्रोग्रॅम’ असं तोंडानं पूर्ण सांगा.

(दृश्य : प्लास्टिकची पिशवी, त्यात भारतातल्या गोळ्यांच्या पट्ट्या.)

या पट्ट्यांचं आणखी एक. मधुमेहाची गोळी ग्लायकोमेट जीपी १. या नावातला जीपी म्हणजे दवाखान्यातला जीपी नाही, ते ग्लिमेपिराइड. आणि १ म्हणजे ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम. सोबत ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. ब्रिटनमधल्या संगणकात हे ब्रँडनाव सापडणार नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतात, ते मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून न्या.

आणि को-कोडामॉल ३०/५००, दुखण्यावरची गोळी. हे छेदाचं गणित परत वेगळं : ३० मिलिग्रॅम कोडीन, ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दोन को-कोडामॉल चार वेळा घेतल्या की पॅरासिटामॉल चार ग्रॅम झालं, आणि प्रौढ माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा तेवढीच. वरून डोकं दुखतं म्हणून साध्या पॅरासिटामॉलची गोळी घेतली, की यकृताला धोका.

(दृश्य : वॉर्ड. रक्तदाबाचा पट्टा, बोटावर चिमटा, पडद्यावर आकडे. कॅमेरा आकड्यांवर.)

‘ऑब्ज’ चालू आहेत. ऑब्झर्व्हेशन्स. या आकड्यांची बेरीज करतात तिला न्यूज टू म्हणतात : नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, दुसरी आवृत्ती. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं पहिली २०१२ मध्ये आणली, सुधारलेली २०१७ मध्ये. मोजायच्या गोष्टी सहा : श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. इथे जास्त गुण मिळवणं वाईट.

(दृश्य : सरावासाठी भरलेला तक्ता. एकेक चौकोन उजळतो.)

श्वास मिनिटाला २२ : दोन गुण. ऑक्सिजन ९३ टक्के : दोन. वरचा रक्तदाब १०८ : एक. नाडी १०४ : एक. ताप ३८.४ सेल्सिअस, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवर १०१ : एक. शुद्धीवर आहेत, नीट बोलतायत : शून्य.

सुटे बघितले तर यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. थोडा ताप, थोडी धाप. बेरीज मात्र सात, आणि सात म्हणजे तातडीचं पथक खाटेशी यायला हवं, नजर सतत हवी. पाच-सहा असेल तर डॉक्टरनं लवकर येऊन बघायचं आणि ऑब्ज दर तासाला. एक ते चार असेल, आणि कुठल्याही एकाच रकान्यात तीन गुण नसतील, तर दर चार ते सहा तासांनी. परिचारिका फोनवर ‘शी इज स्कोअरिंग सेव्हन’ म्हणाली, तर ही बेरीज ऐकायची. सीओपीडीसारख्या काही फुप्फुसविकारांत ऑक्सिजनचं लक्ष्यच ८८ ते ९२ ठेवतात, तेव्हा त्या रकान्याची मोजपट्टी वेगळी. ती डॉक्टर ठरवतात.

शुद्धीच्या रकान्यात पाच इंग्रजी अक्षरं असतात. त्यातलं ‘सी’ मराठी घरांनी लक्षात ठेवावं असं. कन्फ्यूजन, तेही नव्यानं आलेलं. त्याचे एकदम तीन गुण. आता सत्तरीच्या बाई, इंग्रजी बेताचं, रात्री तापात मराठीत बोलतायत. परिचारिकेला हा भ्रम आहे की नुसती भाषा आहे, कळायला मार्ग नाही. उलटही घडतं : खरंच असंबद्ध बोलत असतात, आणि ‘त्यांना इंग्रजी येत नाही’ म्हणून शून्य टाकला जातो. हे ओळखू शकतं ते घरचं माणूस. काल ठीक होत्या, आज बरळतायत असं वाटलं, तर ‘न्यू कन्फ्यूजन’ हेच दोन शब्द वापरा. तक्त्यात तेच छापलेले आहेत.

(दृश्य : भिंतीवरचं पत्रक, त्यावर फोन क्रमांक.)

२०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत टप्प्याटप्प्यानं ‘मार्थाज रूल’ लागू होतो आहे. प्रकृती ढासळते आहे आणि वॉर्डात कोणी ऐकत नाही असं वाटलं, तर रुग्ण किंवा नातेवाईक थेट दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात. क्रमांक या पत्रकावर असतो. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये गेली, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी हा आग्रह धरला.

(निवेदन थांबतं. वॉर्डाचा आवाज. पांढऱ्या फळ्यावर कॅमेरा.)

वॉर्डाचा फळा. एका खाटेसमोर एनबीएम : निल बाय माउथ, तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीही नाही, प्रसादही नाही. खालच्या खाटेसमोर ‘लेव्हल ४’ : हे आयडीडीएसआयचं मापन, गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी. शून्य ते सात. चार म्हणजे गुठळी नसलेला, चावावा न लागणारा गुळगुळीत गर. घरून आणलेला मऊ भात यात बसत नाही, शितं राहतात. डबा उघडण्याआधी विचारा.

पुढच्या रकान्यात ‘ओटी टुमॉरो’. हे वाचून पुण्याला फोन लावू नका. आपल्याकडे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणूस घरी एकटा निभावेल का, हे ते बघतात.

(दृश्य : सरावाचं स्वयंपाकघर. थरथरत्या हातानं किटलीत पाणी भरणारे आजोबा. बराच वेळ.)

पाणी भरणं, किटली उचलणं, कप गाठणं. चहा करायला लावतात, आणि चहापेक्षा हालचालीकडे लक्ष असतं.

शेवटचा रकाना एमएफएफडी : मेडिकली फिट फॉर डिस्चार्ज. बरे झालात असा याचा अर्थ नाही. रुग्णालयातच करावं लागेल असं आता काही उरलं नाही, एवढाच. कुठे कुठे ‘नो क्रायटेरिया टू रिसाइड’ लिहितात, अर्थ जवळपास तोच. समोर ‘पीओसी क्यूडीएस डबल-अप’ असेल, तर पॅकेज ऑफ केअरची वाट बघणं चालू आहे : दिवसातून चार वेळा, दर वेळी दोन मदतनीस घरी येतील अशी सोय. औषधाचंच क्यूडीएस इथे माणसांना लागलं आहे.

(दृश्य : डिस्चार्ज लाउंज. कोट घालून बसलेली माणसं. घड्याळ.)

इथे सगळे टीटीओसाठी बसले आहेत. ‘टू टेक आउट’, घरी न्यायची औषधं. काही ठिकाणी टीटीए म्हणतात. सकाळी राउंडला ‘आज घरी’ ठरतं. मग एफवाय वन, म्हणजे पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर, डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी लिहितो. फार्मासिस्ट ती वॉर्डाच्या तक्त्याशी आणि घरच्या जुन्या औषधांशी ताडून बघतो. फरक निघाला तर यादी परत डॉक्टरकडे. मग औषधालयात खोकी भरली जातात, लेबलं लागतात, दुसरा माणूस तपासतो, पिशवी वर येते. अडतं ते बहुतेक पहिल्याच पायरीला : एफवाय वन थिएटरमध्ये किंवा दुसऱ्या आजारी माणसापाशी असतो. मॉर्फिनसारखं औषध असेल तर चिठ्ठीचे नियम जास्त कडक. वारानुसार गोळ्या भरलेला डबा हवा असेल तर आणखी वेळ, आणि शनिवार-रविवारी औषधालय लवकर बंद होऊ शकतं.

आदल्या संध्याकाळी विचारा : ‘टीटीओ लिहून झाला का?’ भरती होतानाच घरची सगळी औषधं मूळ खोक्यांसह न्या. तक्त्यावर ती पीओडी म्हणून, पेशंट्स ओन ड्रग्ज म्हणून, नोंदली जातात, आणि त्यातली बरीचशी परत भरावीच लागत नाहीत.

(दृश्य : पुन्हा एक पत्र, या वेळी वेगळं. ‘डिअर मिसेस’ने सुरू होणारं.)

हे पत्र रुग्णालाच उद्देशून लिहिलंय. अकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेसनं २०१८ मध्येच डॉक्टरांना सुचवलं होतं : जीपीला पत्र लिहून त्याची प्रत रुग्णाला पाठवू नका, रुग्णाला लिहा आणि प्रत जीपीला द्या. ‘रीनल’ नको, ‘किडनी’. ‘बीडी’ नको, ‘दिवसातून दोनदा’. सगळे डॉक्टर आजही असं लिहीत नाहीत, आणि त्याला सबब नाही. लिहायला दोन मिनिटं जास्त लागतील, तिकडे दहा फोन वाचतात. तुमचं पत्र असं नसेल तर क्लिनिकच्या सेक्रेटरीला फोन करून अर्थ विचारा. तिथे दाद लागली नाही तर रुग्णालयातलं पाल्स, पेशंट अ‍ॅडव्हाइस अँड लिएझन सर्व्हिस.

दुभाष्याचे पैसे पडत नाहीत, पण तो आधी मागावा लागतो. तारखेचं पत्र आलं की लगेच कळवा. प्रत्यक्ष माणूस मिळाला नाही तर फोनवरून जोडतात. मुलगा-सून बरोबर असली तरी मागा, गंभीर निदान सांगताना डॉक्टरांनाही घरच्यांकडून भाषांतर नको असतं. भाषा विचारली की ‘इंडियन’ म्हणू नका, मराठी सांगा, नाहीतर हिंदीचा दुभाषी समोर येतो. फोन करताना पत्रावरचा दहा आकडी एनएचएस क्रमांक हाताशी ठेवा. स्कॉटलंडमध्ये त्या जागी सीएचआय क्रमांक असतो. तोही दहा आकडी, पण त्याचे पहिले सहा आकडे म्हणजे रुग्णाची जन्मतारीख.